हवा न भरता दाबलेलं बटण

पत्नी गेली, त्यानंतर दीड महिना मी देवघरात दिवा लावला नाही. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल. ज्याने तिला एकदा वाचवलं त्याने नऊच महिने का द्यावेत, एवढा एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. राग अजूनही पुरता गेलेला नाही.

मी रोह्याचा. धाटावच्या एका केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं शिफ्टमध्ये ऑपरेटर आहे. अलार्म वाजला की आधी बटण दाबून त्याचं तोंड बंद करायचं आणि मग प्लांटमध्ये जाऊन बिघाड बघायचा, ही आमची पद्धत. पण इतक्या वर्षांत बोटाला दाबायची सवय लागते आणि पायांना जायचा कंटाळा येतो. कंपनीत साहेब ते चालू देत नाहीत. घरी मला विचारणारं कोण होतं?

आमच्या गाडीत चाकातली हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागतो. आधी चारही चाकांत नीट हवा भरा आणि मग बटण दाबून धरा, असं गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी मात्र हवा न भरताच बटण दाबायचो. तसं केलं की चाकात असेल तेवढीच हवा बरोबर आहे असं गाडी धरून चालते आणि दिवा विझतो. सुनंदा, माझी पत्नी, दर वेळी म्हणायची, "उतरून बघा तरी." मी दिवा गेला की नाही ते तिला दाखवायचो आणि गाडी पुढे काढायचो.

तिच्याबाबतीतही मी तेच केलं. जिना चढताना तिला धाप लागायची, तर मी गॅसेस म्हणायचो. पुढे ती तिसऱ्या पायरीवरच थांबू लागली, तेव्हा आम्ही अंथरूण खालच्या खोलीत आणलं आणि तेच नेहमीचं होऊन गेलं. फार झालं तर आमच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना हात जोडून, तुम्हीच बघा, असं म्हणून मी मोकळा व्हायचो. मला ती भक्ती वाटायची.

त्या एप्रिलमध्ये आम्ही पेणला निघालो होतो. दरवर्षी गणपतीची मूर्ती ती स्वतः बघून ठरवायची, रंग लागायच्या आत. नागोठण्याला दिवा लागला, मी थांबून बटण दाबलं. वडखळला पुन्हा लागला, पुन्हा दाबलं. थोडं पुढे गाडी एका बाजूला ओढू लागली आणि चाक पार बसलं. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याकडेला एक म्हातारी मिठाच्या पिशव्या मांडून बसली होती. तिने ताडपत्रीच्या सावलीत सुनंदाला बसवून घेतलं आणि मी जॅक लावून, चिडचिड करत चाक उतरवलं.

मागे वळून बघतो तर म्हातारीने सुनंदाची साडी घोट्यावर सरकवली होती आणि नडगीवर अंगठा रुतवला होता. तिने अंगठा उचलला, पण खळगा तसाच राहिला. ते पाय मी रोज बघत होतो. सुजलेले दिसतही होते.

"किती दिस झाले गो?" तिने विचारलं. सुनंदाला उत्तर द्यायला दम पुरेना. मग म्हातारी माझ्याकडे वळली. "दादा, चाक मंग लावा. हिला आधी न्या. माझी जाऊ अशीच गेली."

मी गाडी, जॅक असलं काहीतरी पुटपुटलो. ती ऐकतच नव्हती. तिने भर रस्त्यात उभं राहून एक प्रवाशांनी भरलेली मिनिडोर रिक्षा थांबवली, दोन माणसं खाली उतरवली आणि आम्हाला आत कोंबलं. पेणच्या दवाखान्याच्या पायरीवरच सुनंदा कोसळली. हृदय थकलंय आणि फुप्फुसात पाणी भरलंय, डॉक्टर म्हणाले. तासाभराने आणली असती तर हाती लागली नसती.

संध्याकाळी मी गाडी न्यायला गेलो. मीठ आवरून म्हातारी गाडीजवळ बसून होती. मी पायांवर वाकलो तशी ती मागे सरकली. "मी काय केला? बोट दाबला," ती म्हणाली.

बोट दाबण्यातच तर माझं आयुष्य गेलं होतं. मला रस्त्यातच रडू आलं.

त्या वर्षीची मूर्ती सुनंदानेच ठरवली. गणपतीत आरतीला ती खुर्चीवर बसून होती. पौषात ती गेली. नव्या हंगामाचं मीठ पुन्हा रस्त्यावर विकायला आलं तेव्हा मी म्हातारीला सांगायला गेलो. तिला आम्ही आठवतही नव्हतो. तरी सगळं ऐकून तिने डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी घरी येऊन मी दिवा लावला.

ती म्हातारी कोण होती, असा प्रश्न मी विचारत नाही. मीठ विकणारी बाई होती. पण देवाने मला इतक्या वेळा हाक मारली, आणि मी मात्र प्रत्येक हाकेचा दिवा विझवत गेलो, हे तिच्या अंगठ्यामुळे मला कळलं. त्याच्यावर सोपवायचं ते उतरून बघून झाल्यावर, हेही. नऊ महिने मिळाले, माझ्या लायकीहून जास्त.

परवा वडखळजवळ पुन्हा पिवळा दिवा लागला. मी गाडी थांबवली, उन्हात उतरलो आणि चारही चाकं हाताने चाचपली. पुढच्या पंपावर हवा भरली आणि मगच बटण दाबलं. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणालो, उतरून बघितलं हं.