जाळलेल्या पेट्या

नातीचं काम मला ढोबळ कळतं. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या काळ्या कातळात सोडायचा. तिथल्या बारीक छिद्रांत त्याचा दगड होतो, परत हवेत येत नाही. पण छिद्रांचा थर किती फुटांवर आणि त्यावर घट्ट थर कुठे, हे आधी नेमकं ठाऊक हवं.

परवा ती जयनगरला घरी आली ती धुमसतच.

"अज्जी, नव्या बोअरला परवानगी मिळेना. म्हणून विजापूरकडच्या जुन्या बोअरचे दगड शोधले, ते येलहंक्याच्या गोदामात सापडले, तर नुसता ढीग! पेट्याच नाहीत. कुठला दगड किती फुटांवरचा, पत्ता नाही. कोण शहाणा होता तिथं?"

शहाणी मीच. तेव्हा पंचविशीतली, ते गोदाम सांभाळणारी, केसांत अबोली, डोक्यात हवा. बोअरमधून निघालेले ते दंडगोल दगड लांब लाकडी पेट्यांत खोलीप्रमाणे ओळीनं ठेवलेले असत. पेट्यांना वाळवी लागली आणि मी फर्मान काढलं, पेट्या मोडा. बोअर मारणारे म्हातारे अण्णा म्हणाले होते, "अक्का, स्वल्प थांबा. फूट पेट्यांवरच लिहिलेत, उतरवून घेऊ."

"दगड काय पळून जाणारेत, अण्णा?" इति महाराणी.

पेट्या सरपण म्हणून शिपायांच्या हंड्याखाली गेल्या. एक माझ्याही. गोदाम मोकळं झालं म्हणून साहेबांनी पाठ थोपटली, तर आठवडाभर मी तोऱ्यात कुणाशी सरळ बोलले नाही.

"मी होते ती," मी सांगितलं. नात हसली. जन्मभर थापा मारल्यावर दुसरं काय होणार? मग तिनं माझा चेहरा पाहिला.

"माझी दोन वर्षं अडकलीत गं त्यात," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गोदामात नेलं, स्टुलावर बसवलं, एकेक दगड हातात दिला. "आठव."

"हा लाल पट्ट्याचा... वरचा असावा. बहुतेक."

"बहुतेक नको, अज्जी. बहुतेकच्या भरवशावर गॅस कोंडता येत नाही."

दगड गार होता, जड होता. खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, "नाही आठवत."

तिनं तिथंच नव्या बोअरचा अर्ज पुन्हा भरायला घेतला. मिळेल की नाही, कुणास ठाऊक. जुन्या नोंदी का नाहीत, या रकान्यात तिनं लिहिलं, 'कारण अज्ञात'.

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि 'अज्ञात' खोडून तिथं माझं नाव लिहिलं.