सामंतकाकांची दोर ओढायची गाणी

बातमी आली तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते, सांगानेरच्या अलीकडे. फोनवर काकू इतकंच म्हणाल्या, "काका गेले गं." मी सवयीने "हो काकू" म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या तोंडून शब्द काढायला काकांनी चार वर्षं घालवली होती.

सामंतकाका मूळचे मालवणचे. नोकरी जन्मभर मालवाहू जहाजांवर. बँकेतल्या मुलाची इकडे हिंदी मुलखात बदली झाली म्हणून बनी पार्क वस्तीत आले, आमच्या खालच्या मजल्यावर. संध्याकाळी ते मँडोलिन घेऊन ओट्यावर बसत आणि जुन्या खलाशांची गाणी वाजवत. त्या गाण्यांत एक जण ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात, आणि त्या उत्तरावर सगळे मिळून दोर ओढतात. "आता दोर मशीन ओढतं," ते म्हणायचे, "गाणी बिचारी रिकामी बसलीत." मी त्यांच्याकडे मँडोलिन शिकू लागले. बोटं चालली, आवाज मात्र फुटेना. इथेच वाढल्याने मराठीत मी अडखळते आणि चारचौघांत कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाही. "आवाज काढ गो," काका म्हणत. "बेसूर चालेल, उशीर नाही चालणार. ओढणाऱ्याचे हात सोलतात."

रिकाम्या गाण्यांना त्यांनी इथे काम शोधलं. आमचा लोखंडी कूलर अरुंद जिन्यातून जात नाही, म्हणून दर उन्हाळ्यात तो अंगणातून दोराने वर गॅलरीत चढवतात. काका खालून ओळ म्हणत, चाल खलाशांची, शब्द त्यांचे स्वतःचे, अर्धे हिंदी. वरून बाबा आणि शेजारचे शर्माजी "खींचो भैया" म्हणत ओढत. गेल्या उन्हाळ्यात काकांना धाप लागत होती, म्हणून ओळ मी म्हणायची ठरलं. कूलर मध्यावर लटकला, सगळे माझ्याकडे बघत राहिले... आणि मी गप्प. शेवटी काकांनीच खोकत खोकत गाणं पूर्ण केलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी माफीही मागितली नाही. रोज वाटायचं, उद्या बोलू. फाल्गुनात ते गेले.

गेल्या रविवारी पुन्हा कूलर चढवायचा होता. शर्माजी हळूच म्हणाले, "अंकलजी नहीं हैं, तो चुपचाप ही खींच लेते हैं." पण चुपचाप ओढताना प्रत्येकाचा झटका वेगळा पडत होता. कूलर भिंतीवर आपटला, दोर बाबांच्या हातातून सरकला, त्यांनी कसाबसा धरला. मी खाली अंगणात उभी होते. तिथूनच काकांची पहिली ओळ म्हटली. आवाज मध्येच चिरकला. वरून दोघांचं एकदम उत्तर आलं, आणि कूलर हातभर सरळ वर गेला. मला इतकं आश्चर्य वाटलं की मी थांबलेच.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. डोळे भरलेले, पण स्वर नेहमीचाच.

"थांबतेस काय गं? अर्ध्यातच आहे अजून तो."

मी पुढची ओळ घेतली.