पारीसआण्णांच्या एकशे आठ गोट्या

कोल्हापुरात माणसाला एखादा नाद असणं हे रेशनकार्डाइतकंच गरजेचं आहे. कुणाला म्हशीचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला आपल्या पेठेच्या फुटबॉल संघाचा. ज्याला कसलाच नाद नाही, त्याच्या तब्येतीची लोक चौकशी करतात. पार्श्वनाथ मगदूम, म्हणजे सगळ्यांचे पारीसआण्णा, यांना गोट्यांचा नाद होता.

"या वयात खेळताय व्हय?" नवा पावणा हमखास विचारायचा.

"खेळत न्हाय. वळखतो."

आण्णा कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्तीला कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं, ते त्यांनी परत केलं आणि त्याऐवजी एक जुनं भिंग मागून घेतलं. त्या भिंगातून ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी बोटीनं आलेल्या, यंत्रावर घडलेल्या गोट्यांची कुळी सांगत. गोटी आधी उन्हाकडं धरायची. तापलेल्या काचेचा गोळा कात्रीनं तोडून दोन फिरत्या रुळांवर सोडला, की तोडल्या जागी केसाएवढी खूण राहते. हातच्या गोटीला बेंबी असते, यंत्राच्या गोटीला ही खूण. काही गोट्या नोटा तपासायच्या निळ्या बॅटरीखाली हिरव्यागार पेटतात. काहींच्या दुधी पोटात तांबडी वेटोळी असतात. कुणी हौसेनं 'आमच्या आज्ज्याची' म्हणून गोटी आणली, की आण्णा ती फिरवून फिरवून बघत आणि भिंग खाली ठेवत. "ही जुनी नव्हं. जत्रेतली हाय." समोरच्याचा चेहरा पडे. आण्णांना त्याचं काही वाटत नसे. एक्स-रे काढणारा कुठं हाड मोडलं म्हणून रडतो?

हा न्याय त्यांनी बायकोलाही लावला.

सुरेखाकाकू हुपरीच्या, चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातल्या. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. नवऱ्याचा नाद कळल्यावर त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक गोटी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"भावाकडनं जिंकलेली हाय. ठेवा तुमच्यात."

आण्णांनी नव्या नवरीसमोर भिंग काढलं. "मांजरडोळा. आत चार पाती. अशा पोत्यानं मिळत्यात."

"पोत्यातली न्हाय की, माझी हाय."

पण वर्गवारी म्हणजे वर्गवारी. आण्णांनी ती गोटी मखमलीच्या पेटीत न ठेवता किरकोळ गोट्यांच्या लोणच्याच्या बरणीत टाकली. काकू रुसल्या नाहीत. दर दिवाळीच्या सफाईला त्या बरणी परातीत उपडी करत, गोट्या साबणानं धूत, आणि शेकडो मांजरडोळ्यांतून एक उचलून पदरानं पुसत म्हणत, "ही बघा माझी."

"हं," आण्णा वर्तमानपत्रातून म्हणत.

कशावरून ओळखतेस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांची आतून खात्री होती, की ही हाताला येईल ती उचलते आणि आपल्याला बनवते. चाळीस वर्षं त्यांनी हा विनोद खपवून घेतला, असं त्यांचं मत होतं.

गेल्या चैत्रात काकू गेल्या. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाल्या, "तुमचा जीव गोट्यांत अडकून पडलाय. मोजक्या ठेवा, बाकीच्या सोडा. परिमाण घ्या."

जैनाघरी परिग्रहाचं परिमाण घेतात. जवळ काय आणि किती ठेवायचं याची हद्द स्वतःच आखायची आणि मरेपर्यंत ओलांडायची नाही. कुणी जमिनीची हद्द घालतं, कुणी सोन्याची. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं, आणि त्यागाच्या दिवशी पारीसआण्णांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला आलेल्या महाराजांसमोर हात जोडून गोट्यांचं परिमाण घेतलं. एकशे आठ. व्रत सुरेखाच्या नावानं. महाराजांनी इतक्या वर्षांत बऱ्याच हद्दी ऐकल्या असतील, पण गोट्यांची बहुधा पहिलीच. त्यांनी हसू न आणता आशीर्वाद दिला.

घरी येऊन आण्णांनी मोजल्या. चारशे सदतीस. पेटीतल्या निवडक एकशे आठ ठेवल्या, आणि तीनशे एकोणतीस किरकोळ गोट्यांची बरणी उचलून गल्लीच्या तोंडावर सयाजीला दिली. सयाजीचं शोभेच्या माशांचं दुकान. टाकीच्या तळाला घालायला त्याला काहीतरी चकचकीत हवंच होतं. हात मोकळा झाल्यावर आण्णांना बरं वाटलं. तीन-चार दिवस चांगले गेले.

मग क्षमावणी आली. त्या दिवशी लहानमोठ्या सगळ्यांची क्षमा मागायची असते. आण्णा मुलाजवळ बोलले, सून दीपाजवळ बोलले, जयसिंगपूरच्या आक्काला फोन केला. शेवटी सुरेखाच्या फोटोपुढं उभे राहिले. "वर्षभरात बोलून, चालून, मनानं तुला काही दुखावलं असेल तर..." इथवर पाठ होतं. पण समोर चाळीस वर्षं संसार केलेलं माणूस, त्याला नुसतं 'काही' म्हणून कसं भागेल? काय काय दुखावलं, ते आण्णा आठवू लागले. आणि आठवता आठवता बरणी आठवली.

ते तिथंच पाटावर बसले.

'मोजक्या ठेवा' म्हणाली होती. त्या मोजक्यांत आपली असणार, हे तिनं धरूनच ठेवलं असेल. एवढी साधी गोष्ट सांगायची काय, असंही वाटलं असेल.

दीपा पाणी घेऊन आली. आण्णांनी सांगितलं, तशी ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं? सयाजीकडनं सगळ्याच परत आणूया."

"सगळ्या आणल्या तर व्रत मोडतंय. तिच्या नावानं घेतलेलं."

दीपा सासूला आत्या म्हणायची. "मग आत्यांची तेवढी एक आणा. पेटीतली एक काढा आणि ती घाला. भागलं की."

खरंच भागलं असतं. आण्णा भिंग घेऊन निघाले.

सयाजीनं गोट्या तीन टाक्यांत वाटून टाकल्या होत्या. त्यानं बिचाऱ्यानं बाह्या वर सारून सगळ्या बाहेर काढून परातीत दिल्या. दोन दुपारी पारीसआण्णा दुकानाच्या पायरीवर उन्हाला बसून एकेक गोटी फिरवत राहिले. चार पाती. चार पाती. खूण इथं, खूण तिथं. हिच्यावर चंद्रकोरीएवढा टवका, पण तिच्यावरही. कुठली निळी, कुठली पिवळी, एवढंही त्यांना आठवेना. काकूंची गोटी कुठल्या रंगाची होती? चाळीस दिवाळ्या ती त्यांच्या नाकासमोर धरली होती आणि चाळीस दिवाळ्या ते वर्तमानपत्र वाचत होते.

गिऱ्हाईकं वळसा घालून आत जात. "मासं बघायचं सोडून आण्णा काय बघायलेत?" एकानं विचारलं.

"हरवलंय कायतरी," सयाजी म्हणाला. मग तो खाली बसून हळूच म्हणाला, "आण्णा, सगळ्या सारख्याच की ओ. त्यातली एक चांगली बघून काकूंची म्हणून घ्या. कोण विचारतंय?"

आण्णांनी मान हलवली. लोकांच्या आज्ज्याच्या गोट्या ज्यानं जत्रेतल्या ठरवल्या, त्यानं आता स्वतःलाच फसवायचं म्हणजे फारच झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दीपाला जवळ बसवून विचारलं, "तीनशे एकोणतीसातल्या एकशे आठ घेतल्या, तर त्यात ती असायची किती आशा?"

दीपा बँकेत होती, हिशेब तिच्या तोंडावर. "तिनात एक. त्याहून थोडी कमीच."

"पेटीतली एकही ठेवली न्हाय, तर?"

दीपाला उशिरा कळलं. "आण्णा, सगळी पेटी? सगळं आयुष्य घातलंय तुम्ही त्यात. आणि ती नसलीच तर?"

"नसलीच तर नसली." त्यांनी पेटी उघडली. तांबडी वेटोळी, हिरव्या पेटणाऱ्या, अख्ख्या जिल्ह्यात जोडी नसलेल्या दोन निळ्या. त्यांनी एकीलाही उन्हाकडं धरलं नाही. पिशवीत ओतताना बारीक खडखडाट झाला, तेवढाच.

दुकानात त्यांनी परातीतून डोळे झाकून मोजायला सुरुवात केली. सत्तरीच्या पुढं मोजणं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. एकशे आठ झाल्यावर हात काढून घेतला. परातीत उरलेल्यांकडं मात्र बघायला नको होतं, पण बघितलं. दोनशे एकवीस गोट्या एकसारख्या चकाकत होत्या.

"उरलेल्या टाक माघारी," ते म्हणाले. "आणि जागा भरायला ह्या घे."

सयाजीनं पिशवी टाकीत उपडी केली. सोनेरी मासे दचकून एका कोपऱ्यात गोळा झाले.

"आण्णा, ह्या जरा भडक हायत ओ. मासं बिचकायलेत."

"हुईल सवय," पारीसआण्णा म्हणाले, आणि मांजरडोळ्यांची पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरले.