आबांची टिचकी

कुठलीही वस्तू हातात आली की आबा आधी तिला टिचकी मारत आणि कानाशी धरत. मग तो चहाचा कप असो, नवं मडकं असो, नाहीतर आमच्या कारखान्यातली नळी. नव्वदच्या दशकाअखेर शिरूरजवळच्या त्या कारखान्यात आम्ही सिरॅमिकच्या नळ्या बनवत होतो, पोलाद वितळेल अशा आगीत टिकणाऱ्या. नुसतं सिरॅमिक चटकन तडकतं, म्हणून त्याच्या आत धाग्यांचं विणकाम. मी नवा इंजिनिअर. आबा खुटबावचे, मेंढपाळ घराण्यातले. भट्टी त्यांच्याकडे.

"म्हंजी मातीत लोकरच की!" पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "चिरंला आडवं जायचं न्हाई, सायेब. धाग्याधाग्यानं तिला फिरवायचं. फिरून फिरून दमती बगा." हे इतकं सोपं करून मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

चांगली नळी वाजवली की बद्द आवाज यायचा. एकदा मी भाजताना भट्टीचं तापमान चढवून पाहिलं, तर नळी निघाली घंटेसारखी खणखणीत. मी हरखलो. आबांनी मात्र तीन-तीनदा टिचकी मारली.

"ह्यी लय गोड वाजती, सायेब. धागं मातीत पार चिकाटल्यात. हिच्यात चीर शिरली तर थांबायची न्हाई."

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून मोठे साहेब चाचणी बघायला येणार होते. "आबा, मशीननं पास केलीय," असं म्हणत मी सही ठोकली. अक्कल पाजळायचंच वय होतं ते.

चाचणीसाठी तीच नळी भट्टीच्या बर्नरला बसवली. भट्टी पेटवायला नेहमीप्रमाणे आबाच पुढे झाले. नळी फुटली, गॅस भट्टीत कोंडला आणि स्फोट झाला. आबा वाचले, पण दोन्ही कान गेले.

चौकशीत त्यांना कागदावर लिहून विचारलं, नळीचा आवाज वेगळा वाटला होता का? आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई," म्हणाले.

माझी नोकरी वाचली. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज अजून माझ्या मानगुटीवर आहे.

वर्षभराने धीर करून खुटबावला गेलो. सुनेनं चहा दिला. चहा संपल्यावर आबांनी सवयीने रिकाम्या कपाला टिचकी मारली. कप स्वतःच्या कानाकडे नेता नेता ते थांबले, आणि त्यांनी तो माझ्या कानाशी धरला.

"कसा वाजतोय?"

मी हातानेच 'छान' अशी खूण केली.

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लय गोड न्हाई ना?"