मागच्या दाराची खिडकी

अमडापूरच्या घरी मी लग्न होऊन आले तेव्हाच मागचं दार कामातून गेलं होतं. खालची फळी उधईनं खाल्लेली, बिजागरी एकच धड. त्या दारातून बोळ ओलांडला की समोर माझ्या थोरल्या जावेचं घर. वाटण्यांपासून मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आणि थोरल्या लेकाचं बोलणं तुटलेलं. ओट्यावरच्या माणसांसमोरून तिकडे जायची सोय नव्हती. मागून मात्र मी रोज दुपारी जायची, जावेची वेणी घालून यायची. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वेणीचं काय एवढं? अहो, संधिवातानं तिचे हात खांद्यावर जात नव्हते. मूलबाळ नाही. तिच्या डोक्याला हात लावणारी मी एकटीच.

एक दिवस त्या फळीतून कुत्रं शिरलं आणि दुधात तोंड घालून गेलं. मामाजींनी सुतार बोलावला. मला वाटलं, आता नवं दार बसेल. पण सुतारानं दार आडवं पाडलं, सडकं कापून टाकलं आणि वरच्या चांगल्या लाकडाची खिडकीची झापं केली. खाली कंबरेएवढी भिंत, मध्ये मलकापूरहून आणलेले गज. कडी तीच जुनी. दारच राहू द्या, असं मी सासूबाईंकडून सांगून पाहिलं. मामाजी तंबाखू मळत म्हणाले, "दार काऊन पाहिजे? बोलाचं असन तं गजातून बोल म्हना तिले."

मग जाऊ खिडकीला पाठ लावून उभी राहायची आणि मी गजांतून हात घालून वेणी घालायची. ती हसायची. "कैदी तू का मी, समजतच नाही बाई."

पण उभं राहून तिचे पाय सुजायला लागले. एक दिवस ती आलीच नाही. समोर तिच्या घरात ती बाजेवर पडलेली दिसायची, केस सुटलेले. मला पाहून विचारायची, "येतं का वं?"

"येतो," मी म्हणायची.

नवऱ्याला सांगितलं, त्यांनी आईकडे बोट दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, थांब जराशी, बुढा निवू दे. मी थांबले. बुढा निवला नाही.

ती गेली त्या सकाळी मामाजी स्वतः ओट्यावरून म्हणाले, "जाय पोरी, लवकर जाय." पहिल्यांदाच मी पुढच्या दारानं तिकडे गेले. बायका तिला आंघोळ घालत होत्या. केसांच्या नुसत्या जटा झालेल्या. मी फणी घेऊन बसले, तर एक म्हातारी म्हणाली, राहू दे, मानसं खोळंबली. एक गुंताही सुटला नव्हता.

खिडकी अजून आहे. उजेड चांगला येतो, खोटं कशाला बोलू.