साठ दिवसांची चाचणी

चिंतामणकाका कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघत. चहा बशीत गार करून परत कपात घेत. प्लास्टिकची कुठलीही वस्तू हाती आली की आधी वाकवून बघत. विजेच्या यंत्राजवळ डावा हात पाठीमागे धरत. खिशात दोन पेनं: निळं आकड्यांसाठी, लाल स्वतःच्या चुका लिहायला.

साताऱ्याच्या केबल कारखान्यात ते तारेभोवतीचं आवरण तयार करत. घर सांगलीला, विश्रामबागेत. शनिवारी एसटीनं जायचे. तिथल्या शेजाऱ्यांचा मुलगा सुमंत मराठीत एम. ए. झालेला आणि रिकामा. अक्षर चांगलं म्हणून काकांनी त्याला नोंदवहीवर बसवलं.

"एसी वीज येते-जाते," काका सांगत. "डीसी म्हणजे घरजावई. आवरणात शिरली की मुक्काम ठोकते, आणि एक दिवस भिंत फोडते."

त्या घरजावयाला पुरून उरेल असं आवरण त्यांना करायचं होतं. चौऱ्याण्णव साली त्यांनी पॉलिथिनमध्ये एक बारीक पूड मिसळून नमुना केला. तापलेल्या पेटीत, डीसीखाली, साठ दिवस अखंड ठेवायचा. मध्ये खंड पडला तर नमुन्याला विसावा मिळतो, म्हणून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. वीज गेली की यंत्र बंद पडे आणि हातानंच चालू करावं लागे.

एक्केचाळिसाव्या दिवशी, शनिवारी, काका आईच्या वर्षश्राद्धाला सांगलीला गेले. सुमंतनं दोन दिवस बसायचं होतं. तो मित्राच्या साखरपुड्याला वाईला गेला. संध्याकाळी परतणार होता, पण राहिला. सोमवारी सकाळी येऊन बघतो तर यंत्र गप्प.

त्यानं ते चालू केलं आणि सहा आकडे अंदाजानं लिहिले. काकांचे चाळीस दिवस वाया जाऊ नयेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. वाईचं कळू नये, हेही होतंच.

काकांनी वही बघितली. "तू होतास म्हणून आईचं श्राद्ध झालं रे."

नमुना पास झाला. त्याची तीनशे मीटर केबल झाली. तपासणीत विजेची दिशा उलटवताच ती तीन ठिकाणी फुटली. वही म्हणत होती, माल चांगला. मग दोष तारेवर आवरण चढवणाऱ्या मशीनवरच्या धुळीचा. मशीन लालासाहेब चालवायचा.

"आवं सायब, माझ्या मशिनीवर पानं वाढा न् जेवा. येवढी साफ हाय."

"कागद खोटं बोलत नाही, लालासाहेब."

सुमंत वही घेऊन शेजारीच उभा होता. लालासाहेबाला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं.

पुढं दोन वर्षं काका धूळ शोधत राहिले. शहाण्णवच्या दिवाळीनंतर त्यांनी तोच नमुना पुन्हा पेटीत ठेवला. सांगलीला जाणं थांबवलं. सुमंतनं विचारलं, "मी बसू का?"

"नको. एकदा माझ्या डोळ्यांनी बघतो. त्या लालासाहेबाला मी फार बोललो रे."

सुमंतनं त्याच दिवशी सांगायचं ठरवलं. मग उद्यावर टाकलं. असे तीस दिवस गेले. एकतिसाव्या दिवशी दुपारी काका खुर्चीतच कलंडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून अंत्यविधी आटोपून सुमंत थेट कारखान्यात आला. चाचणीच्या खोलीत यंत्र चालू होतं आणि त्याच्याशेजारी लालासाहेब राखण करत बसला होता. सुमंतनं त्याला सगळं सांगितलं. वाई, सोमवार, सहा आकडे. लालासाहेब तंबाखू मळत ऐकत राहिला.

"माझं जाऊ द्या," तो म्हणाला. "पॅकिंगला बी पोट भरतंय. पन ह्ये सायबास्नी सांगायचं हुतं."

मग त्यानं यंत्राकडे बोट दाखवलं.

"मालक म्हनत्यात, बंद करा ह्ये. काय करू?"

सुमंतनं वही उघडली. काकांनी साठ ओळी आखून ठेवल्या होत्या. एकतिसाव्या ओळीत सकाळचा आकडा होता. दुपारचा नव्हता. त्याखाली एकोणतीस ओळी कोऱ्या.