वैशालीचा निरोप घेऊन अमडापूरला

पुण्याहून चिखलीच्या बसमध्ये बसले तेव्हा माझ्या पिशवीत एक मोरपंखी साडी होती आणि डोक्यात पाठ केलेले एक खोटे. साडी वैशालीच्या धाकट्या बहिणीसाठी होती. खोटे तिच्या आईवडिलांसाठी.

वैशाली आणि मी इंग्लंडमधल्या एका कारखान्यात काम करतो. तिथे फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या गाड्या तयार होतात. एकाच माणसाला बसायला जागा असते तशा. या गाड्यांचे बरेचसे भाग कार्बनच्या कापडाचे असतात. वैशाली ते कापड साच्यात थरावर थर बसवते आणि मी तयार झालेले भाग तपासते. या हंगामासाठी नियम बदलले. गाडी लहान आणि हलकी झाली, जवळजवळ निम्मी ताकद विजेची आली, त्यामुळे सगळ्यांनाच पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यात आमच्या गाडीचे नाक चाचणीत नापास झाले. नाक म्हणजे गाडीचा पुढचा निमुळता भाग. तो मुद्दाम भिंतीवर आदळून पाहतात. त्याने ठरल्याप्रमाणे चुरडत जाऊन धक्का गिळला नाही, तर गाडी मैदानात उतरू देत नाहीत.

मी तेव्हा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आले होते. वैशालीचा फोन आला. फेब्रुवारीत बहिणीचे, दीपालीचे लग्न. त्यासाठी तिने सुटी मागून ठेवली होती. नाक नापास झाल्यावरही साहेब तिला म्हणाले होते की घरचे लग्न आहे, तू जा. तिनेच नको म्हटले.

"घरी मात्र सुटी रद्द झाली असं सांग," ती म्हणाली. "बाबांशी फोनवर मला खोटं बोलता येणार नाही आणि खरंही सांगवणार नाही."

मैत्रीण होती म्हणून मी हो म्हटले.

चिखलीला सकाळी उतरले. जानेवारीची थंडी अंगाला झोंबत होती. अमडापूरकडे जाणारी समजून मी जी बस पकडली, ती मेहकरची निघाली. तिकीट काढताना कंडक्टरने विचारले, "कुठी जाऊन राह्यल्या मॅडम?" मी अमडापूर म्हणताच त्याने घंटी ओढली आणि मला फाट्यावर उतरवले. तिथे पेरूची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईंनी मला चिखलीकडे परतणाऱ्या जीपमध्ये बसवून दिले, वर दोन पेरू हातात कोंबले. उलटे येऊन, नीट विचारून मी खामगावकडची बस धरली. अमडापूरला पोचायला दुपार झाली. टेकडीवरचे देवीचे मंदिर लांबूनच दिसले. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांनी भरला होता.

वैशालीचे वडील गजाननकाका थांब्यावर उभे होते. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि घरापर्यंतच्या वाटेवर मला फक्त एकदा विचारले, "वैशू जेवते ना बराबर तिकडं?" मी हो म्हणाले. निदान हे तरी खरे होते.

घरी काकूंनी कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचे भरीत आणि ठेचा वाढला. दीपालीने साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिली आणि ताई ही साडी स्वतःच नेसवून देणार आहे असे सांगितले. जेवताना मला हळूहळू कळले की हे लग्न फेब्रुवारीत ठरले तेच मुळी वैशालीसाठी. धामणगाव बढ्याच्या सोयऱ्यांना (व्याह्यांना) मे महिना हवा होता. काका दोनदा त्यांच्याकडे गेले, मोठी लेक तेव्हाच येऊ शकते असे सांगून त्यांनी तारीख अलीकडे आणली. शिवाय मोठी अजून बिनलग्नाची. ती परदेशी काय करते याबद्दल गावात चार तोंडी चार गोष्टी होत्या. मांडवात ती उभी राहिली की बोलणारे आपोआप गप्प होतील, असे काकांनी मनात धरले होते.

निरोप मी संध्याकाळवर ढकलला.

दुपारी काकू वावरात (शेतात) निघाल्या, तशी मीही त्यांच्या मागे गेले. वावरात हिरव्या जाळीचे शेडनेट होते आणि आत टोमॅटोची झाडे सुतळीने वर बांधलेली. मला वाटले, टोमॅटो तोडायचे असतील. पण हे पीक खाण्यासाठी नव्हते, बियाण्यासाठी होते. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, चिमट्याने उघडून तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. मग उद्या सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग तिला लावायचा. काकूंच्या अंगठ्यात प्लास्टिकची अंगठी होती, तिच्यावर इवलीशी वाटी. सकाळी पराग त्या वाटीत असतो. या कामाला इथे सगळे क्रॉसिंगच म्हणतात. एक दिवस चुकला तर कळी आपली आपण फळते आणि ते फूल तोडून टाकावे लागते.

काकूंनी मला चिमटा दिला. पहिल्याच कळीचा मधला नाजूक दांडा माझ्या हातून तुटला. दुसरीचाही तुटला. वैशाली सहावीत असल्यापासून हे काम करायची, तिच्या हातून क्वचितच फूल वाया जायचे, असे काकू सांगत होत्या. कारखान्यात नवीन मुलांना थर बसवायला शिकवायचे असले की साहेब त्यांना वैशालीच्या बाजूला का उभे करतात, ते मला तिथे उमगले. तेवढ्यात काकूंनी लग्नाला तुम्हीही थांबा म्हटले आणि मला आणखी पुढे ढकलता येईना. मी पाठ केलेले बोलून टाकले. नाक नापास झाले, सगळ्यांच्या सुट्या रद्द झाल्या, वैशालीला येता येत नाही.

काकूंचा चिमटा थांबला नाही. तीन-चार कळ्या झाल्यावर त्यांनी विचारले, "सगळ्याइच्या सुट्या रद्द झाल्या, मंग तुमी कशा आल्या?"

उन्हात उभी असल्यासारखे माझे कान तापले. मग मी खरे ते सगळे सांगितले. साहेब जा म्हणाले होते, तीच राहिली, आणि हे खोटेही तिनेच माझ्याकडे दिले होते.

काकू बराच वेळ ओळीतून पुढे सरकत राहिल्या. पदराने डोळे पुसले, पुन्हा चिमटा धरला. "माहं दुःख माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "पन त्याइले खोटं नका सांगू. ते त्या खोट्यावर सोयऱ्याइसंगं बोलतीन."

संध्याकाळी ओसरीवर मी काकांना सांगितले. त्यांच्या मांडीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता आणि ते एकेकीवर हळदीचे बोट लावत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तिच्याबिगर ते नाक होत नव्हतं काय?"

हो म्हटले असते तर त्यांना सोपे गेले असते. पण इतरही लोक आहेत, काम झाले असते, असेच मी सांगितले. फक्त पहिला साचा वैशालीने भरला होता आणि त्यातून निघालेले नाक का नापास झाले हे कळल्याशिवाय तिला तिथून हलवत नव्हते. काकांनी हातातली पत्रिका गठ्ठ्यावर ठेवली, चपला घातल्या आणि ते वावरातल्या पाण्याच्या मोटरीकडे निघून गेले. दीपाली तेवढी रडली. मोरपंखी साडी तिने घडी करून पेटीत ठेवली.

सकाळी मी निघायची तयारी करत होते, तेव्हा काका स्वच्छ धोतर नेसून दारात उभे होते. "मी धामनगावले जातो. तुमी चला संगं. गाडीचं कोनं इचारलं तं मले सांगता नाही येनार."

चिखलीहून बुलढाणा, तिथे बस बदलून पुढे मोताळ्याची वाट. बुलढाण्याच्या स्टँडवर हवा अजून गार होती, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसे कागदांच्या पिशव्या सांभाळत चहा पीत होती. गाव संपल्यावर राजूर घाट लागला. बस वळणावळणाने पठार सोडून खाली उतरू लागली आणि काका पहिल्यांदा बोलते झाले. नियम बदलले म्हणजे नेमके काय झाले, ते त्यांनी विचारले. मी समजावले.

"मंग मागलं शिकलेलं वाया गेलं?"

बरेचसे गेले, मी म्हणाले. गेल्या वर्षी पहिला आलेलासुद्धा यंदा चाचपडतो आहे.

त्यांनी मान हलवली. खिडकीतून सागाची वाळलेली पाने दिसत होती.

सोयऱ्यांच्या घरी वरण-बट्टी आणि गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी झाली. जेवणे आटोपली, मुलाचे वडील सुपारी कातरू लागले, आणि मुलाच्या आईने नेमके तेच विचारले, मोठी कधी येणार. मी काकांकडे पाहिले. त्यांनी घोटभर पाणी पिऊन भांडे खाली ठेवले.

"ती येऊन नाही राह्यली," ते म्हणाले. "सुटी भेटत होती, तिनं घेतली नाही. हातातलं काम बिघडलं होतं, ते टाकून येनं तिले पटलं नाही. मले वाईट वाटलं, रातभर वाटलं. पन तुमाले तारीख मीच बदलाले लावली होती, म्हनून मीच सांगाले आलो."

मग मुलाच्या वडिलांनी व्यवहाराचे बोलणे काढले. अजून वेळ आहे, लग्न मे महिन्यावर न्यायचे का? मे महिन्यात शर्यती जोरात असतात, मी म्हणाले. डिसेंबरपर्यंत हंगाम चालतो. मध्ये ऑगस्टमध्ये तेवढे दोन आठवडे कारखाना बंद असतो. यावर मुलाची आई हसली. चातुर्मासात कोण लग्न लावणार? काकाही हसले, आणि मी त्यांना हसताना प्रथमच पाहिले. तारीख होती तीच राहिली. निघताना मुलाच्या आईने काकांना वाटेसाठी बट्ट्या बांधून दिल्या आणि ती म्हणाली, "भाऊ, तुमी फोनवरबी सांगू शकले असते. इथपर्यंत आले, आमाले पुरलं."

काका मला मलकापूरच्या रेल्वे स्टेशनवर सोडायला आले. वैशालीला काही निरोप आहे का, मी विचारले. ते म्हणाले, काही नाही, जे झाले ते जसेच्या तसे सांगा.

इंग्लंडला परतले तेव्हा नवीन नाक चाचणीत टिकले होते आणि वैशालीचे डोळे जागरणाने खोल गेले होते. मी तिला सगळे सांगितले, माझे पकडले जाणेही. वडील धामणगावला काय बोलले ते ऐकून ती म्हणाली, "मी त्यांना वाचवायला खोटं सांगितलं असं मला वाटत होतं." त्या दुपारी कारखान्याच्या आवारात ती किती तरी वेळ फोन कानाला लावून फेऱ्या मारत होती. दीपालीचे लग्न तिच्याशिवाय झाले. गावात लोक बोलले असणारच. काकांनी ते आम्हाला कधी कळू दिले नाही.

मी आजवर पुष्कळ फिरले, पण कुणाचा निरोप घेऊन जाण्याइतका अवघड प्रवास दुसरा झाला नाही. आपण परक्यांच्या घरात शिरतो ते त्यांच्या भाकरीवर, आणि पाहुणी म्हणून सुटका मिळेल अशी आशा धरतो. अमडापूरला मला ती सुटका मिळाली नाही. त्याबद्दल मी काकूंची ऋणी आहे.

मार्चमध्ये पहिली शर्यत झाली. ऑस्ट्रेलियातली दुपार म्हणजे अमडापूरची सकाळ. काकांनी ती फोनवर पाहिली आणि नंतर वैशालीला फोन केला. ती माझ्या बाजूलाच बसली होती, म्हणून मलाही ऐकू आले. तुमची गाडी कोणती ते काही समजले नाही, ते म्हणाले. पण एक गाडी भिंतीवर जाऊन आदळली, पुढचा भाग पार चुरा झाला आणि आतला माणूस आपल्या पायांनी चालत गेला. ते पाहायला त्यांनी काकूंना शेडनेटमधून बोलावून आणले होते.

"बाबा, ती आमची नव्हती," वैशाली म्हणाली. "ती दुसऱ्यांची गाडी."

"असू दे ना," ते म्हणाले. "तिथंबी कोनाची तरी लेक असंनच."